चित्रपट्टी कोणाची? ‘स्वतंत्र’ या शब्दामागची पार्श्वभूमी

‘स्वतंत्र व्यंगचित्रकार’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा नोकरीत नसलेला, चार ठिकाणी चित्रे पाठवून मानधनावर जगणारा माणूस येतो. त्याच्यासाठी आपल्याकडे ‘मुक्त’ हा चांगला शब्द आहे आणि तो तिथेच राहू द्यावा. मुक्त व्यंगचित्रकार कोणाच्या पगारावर नसतो, एवढेच. काढून दिलेल्या चित्रपट्टीचे, म्हणजे चार-सहा चौकटींतल्या चित्रमालिकेचे, सगळे हक्क तो मानधनाबरोबर देऊन टाकत असेल, तर पात्रे, मालिकेचे नाव, पुढे निघणारे पुस्तक, यातले काहीच त्याचे राहत नाही. उलट दिवसभर भलतीच नोकरी करून रात्री चार चौकटी काढणारी, त्या पदरमोड करून छापणारी आणि हक्क स्वतःकडे ठेवणारी बाई पूर्ण अर्थाने स्वतंत्र असते.

‘इंडी’ (‘इंडिपेंडंट’चे लघुरूप) या उसन्या शब्दाने गोंधळ आणखी वाढला. कोणी तो बड्या प्रकाशकाबाहेर छापलेल्या कशालाही लावतो, तर कोणी खडबडीत रेषेतल्या आत्मकथनाला. रेषेचा पोत आणि स्वातंत्र्य यांचा काही संबंध नाही. घोटीव रेषेतली साहसकथा स्वतंत्र असू शकते आणि वेडीवाकडी रेषा करारात बांधलेली असू शकते. इथे ‘स्वतंत्र’चा अर्थ एवढाच घेतला आहे: पात्रे, नाव आणि मूळ चित्रे चित्रकाराच्या मालकीची आहेत आणि पट्टी कुठे, कोणत्या आकारात, किती दिवस चालवायची हे तोच ठरवतो. या अर्थाने पाहिले तर बहुतेक जुन्या, गाजलेल्या अमेरिकी वृत्तपत्रीय पट्ट्या स्वतंत्र नव्हत्या. त्या नव्हत्या, याचे मूळ न्यूयॉर्कमधल्या काही निकालांत आहे.

१८९६ साली एका वृत्तपत्राचा लाडका चित्रकार प्रतिस्पर्ध्याकडे गेला. पहिल्या वृत्तपत्राने तेच पात्र दुसऱ्या चित्रकाराकडून चालू ठेवले. एकाच शहरात एकाच पोराच्या दोन आवृत्त्या निघू लागल्या. त्याच चित्रकाराने पुढे नवी मालिका काढली, १९०६ मध्ये तीही घेऊन वृत्तपत्र बदलले आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल असा लागला की मालिकेचे शीर्षक वृत्तपत्राचे, पण शीर्षक न वापरता तीच पात्रे पुढे काढायला चित्रकार मोकळा. दोन खट्याळ भावांच्या एका मालिकेबाबत १९१४ च्या सुमारास पुन्हा हेच झाले. नाव मूळ मालकाकडे राहिले, चित्रकाराने तीच पोरे दुसऱ्या नावाने दुसरीकडे नेली आणि या दोन मालिका १९७९ पर्यंत शेजारी शेजारी चालल्या.

हा निकाल पुष्कळदा ‘दोघांनाही न्याय’ म्हणून सांगितला जातो. तो तसा नव्हता. रविवारच्या पानावर वाचक आधी शोधतो ते शीर्षक. शीर्षक हातात असले की वृत्तपत्राला फक्त रेषेची नक्कल करणारा हात हवा असतो आणि तो पगारावर मिळतो. चित्रकाराकडे मात्र पात्रे राहतात, पण वाचकाने त्यांना ज्या नावाने ओळखले ते नाव जाते. वृत्तपत्रांची बाजू होती की यंत्रे, रंग, कागद आणि जाहिरात यांचा खर्च त्यांचा. हा खर्च खरा होता. पण खर्चाचा मोबदला म्हणून ठराविक मुदतीचा छपाईहक्क पुरेसा होता, मालकीची गरज नव्हती. निकालांनंतर चित्रपट्ट्या अनेक वृत्तपत्रांना पुरवणाऱ्या सिंडिकेटांच्या करारांत नाव, पात्रे, मूळ चित्रे, खेळणी, चित्रपट सगळे एकाच कलमात ओढले गेले. बहुतेक ठिकाणी उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी ठरली आणि मालकी सिंडिकेटची.

याला एक ठळक अपवाद आहे. १९०७ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चित्रकाराने नोकरी सोडताना जुन्या वृत्तपत्रातल्या शेवटच्या पट्टीवर आणि नव्या वृत्तपत्रातल्या पहिल्या पट्टीवर स्वतःच्या नावाने हक्काची (कॉपीराइटची) ओळ हाताने लिहिली. पुढे वाद झाला तेव्हा याच ओळीने त्याची मालकी टिकवली. ती बारीक अक्षरे पुढे तीन दशकांहून अधिक काळ त्याच्या उपयोगी पडली.

मालकीचा परिणाम थेट चौकटींच्या आकारावर होतो, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. रविवारची पट्टी अर्ध्या पानासाठी तीन ओळींत काढायची, पण ग्राहक वृत्तपत्र तिला तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्याच्या पानात बसवणार. त्यासाठी वरची ओळ काढून टाकता आली पाहिजे आणि उरलेल्या चौकटी ठरलेल्या जागी तोडता आल्या पाहिजेत. म्हणून वरच्या ओळीत शीर्षक आणि एखादा सुटा विनोद ठेवायचा. कथेला आवश्यक असे काहीही तिथे ठेवले तर निम्म्या वाचकांना उरलेली पट्टी कळणार नाही. दैनंदिन पट्ट्या ४ ते ६ आठवडे आणि रविवारच्या सुमारे ८ आठवडे आधी द्यायच्या, म्हणजे ताज्या घटनेवर बोलायची सोय नाही. १९९२ मध्ये एका लोकप्रिय मालिकेच्या चित्रकाराने रविवारचे न तोडता येणारे अर्धे पान मिळवले. आधी त्याने पात्रांची खेळणी काढू द्यायला ठाम नकार दिला होता. ३१ डिसेंबर १९९५ रोजी त्याने मालिका स्वतःहून थांबवली. ती दुसऱ्याच्या हातून पुढे चालली नाही, ही त्या व्यवसायात मोठी गोष्ट होती.

खरा पर्याय मात्र वृत्तपत्राबाहेर तयार झाला. १९६८ नंतर सॅन फ्रान्सिस्कोत ‘भूमिगत’ कॉमिक्स निघाली. अमेरिकी कॉमिक्स व्यवसायाने १९५४ मध्ये स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेचा शिक्का असल्याशिवाय नेहमीचे विक्रेते कॉमिक्स ठेवत नसत, म्हणून ती चिलमी, पोस्टर विकणाऱ्या दुकानांतून विकली गेली. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या अश्लीलतेवरील निकालाने प्रत्येक गावाला आपला निकष लावायची मुभा मिळाली, दुकाने घाबरली आणि ही वाट आटली. टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये स्वतःची मासिके छापणाऱ्यांचा पहिला मेळा भरला. त्यात ३२ गट होते आणि साधारण ७०० माणसे आली. लेखकानेच टेबलामागे बसून वाचकाला अंक द्यायचा, ही पद्धत तिथे रुजली ती आजवर.

त्याच काळात झेरॉक्स यंत्र कोपऱ्याकोपऱ्यावर आले आणि छापखान्याची किमान प्रतींची अट संपली. एक ए-४ कागद, तीन घड्या आणि मधोमध एक काप एवढ्यात पिनेशिवाय ८ पानांचा अंक होतो. १६ पानांच्या ए-५ अंकाला ए-४चे ४ कागद दोन्ही बाजूंनी लागतात, मधोमध दोन पिना. पानांची जुळणी चुकते ती इथेच: सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, पाठीमागे २ आणि १५, शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ आली पाहिजे. कोऱ्या कागदाचा नमुना घडी घालून, त्यावर पानांचे आकडे पेन्सिलने टाकून मग मूळ चित्रे लावावीत. घडी घातल्यावर आतले कागद बाहेर सरकतात, म्हणून पिना मारल्यानंतर उघडी कड एकदा कापायची आणि त्या कडेपासून किमान ५ मिलिमीटरपर्यंत अक्षर येऊ द्यायचे नाही.

या यंत्राने रेषाही बदलली. मोठा सलग काळा भाग झेरॉक्सवर धुरकट, ठिपक्याठिपक्यांचा येतो आणि घडीवर टोनर फुटून पांढरी रेघ दिसते. म्हणून अनेकांनी भरीव काळ्याऐवजी तिरक्या रेघांची जाळी पसंत केली. फिक्या निळ्या पेन्सिलीची आखणी यंत्राला दिसत नाही, तेव्हा ती खोडायची गरज नाही. चिकटवलेल्या दुरुस्तीच्या कडेची सावली मात्र काळी रेघ म्हणून उमटते, तिच्यावर पांढरी शाई फिरवावी लागते. चित्र दीडपट मोठे काढून लहान केले तर हाताची थरथर लपते, पण ०.३ मिलिमीटरची रेघ ०.२ होते. राखाडी छटेसाठी चिकटवायचा ठिपक्यांचा टोन इंचाला ६० ओळींचा असेल आणि चित्र निम्मे केले, तर तो १२० ओळींचा होतो आणि राखाडीऐवजी काळा डाग पडतो. त्या काळातल्या कितीतरी अंकांचा ‘उग्र’ दिसणारा काळेपणा याच हिशेबाच्या चुकीतून आला आहे.

१९७७ च्या डिसेंबरात कॅनडातल्या एका चित्रकाराने स्वतः प्रकाशित केलेली मालिका सुरू केली आणि मार्च २००४ मध्ये ३०० व्या अंकावर ठरल्याप्रमाणे संपवली. १९८६ मध्ये त्याने ५०० हून अधिक पानांचा संग्रह टपालाने थेट वाचकांना विकला, तेव्हा वितरक आणि दुकानदार संतापले. त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण विशेष कॉमिक्स दुकाने माल परत न करण्याच्या अटीवर घेतात आणि त्याबदल्यात जास्त सवलत मिळवतात. न खपलेल्या अंकांचा तोटा दुकानाचा. हीच अट १९८० च्या दशकात आधी वरदान ठरली, मग फास. १९८४ च्या मेमध्ये दोघांनी मिळून साधारण ३,००० प्रती काढलेला काळा-पांढरा अंक अफाट गाजला. जुन्या प्रतीचे भाव चढले आणि १९८६ मध्ये दुकानांनी प्रत्येक नवा काळा-पांढरा अंक गुंतवणूक म्हणून भरून ठेवला. १९८७ मध्ये तो माल पडून राहिला, दुकाने बुडाली आणि त्यांच्याबरोबर सचोटीने काम करणारे छोटे स्वप्रकाशकही. वाचकांची मागणी आणि दुकानांची मागणी यांतला फरक ज्यांनी छपाईच्या आकड्यात धरला नाही, ते आधी गेले.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टन इथे काही चित्रकारांनी १२ कलमी हक्कनामा लिहिला. पूर्ण मालकी, अचूक हिशेब, वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आणि मूळ चित्रे तातडीने परत मिळण्याचा हक्क ही त्यातली कलमे. त्याला कायद्याचे बळ नव्हते, तरी करार वाचताना काय शोधायचे याची यादी पहिल्यांदा हाती आली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र वितरण जवळजवळ एकाच कंपनीकडे गेले. २००९ मध्ये तिने प्रत्येक शीर्षकासाठीची किमान मागणी १,५०० वरून २,५०० डॉलरवर नेली आणि छोट्या प्रकाशकांची मोठी संख्या तिच्या विक्रीसूचीतून बाहेर पडली.

तोवर वेब आले होते. १९९३ च्या सप्टेंबरात वेबवरची पहिली नियमित व्यंगचित्रे दिसू लागली. पान अमर्याद असेल आणि वाचक पट्टीमागे चार-दोन सेंट देतील, ही २००० सालची आशा होती. सूक्ष्म देयकांची गाजलेली सेवा २००३ मध्ये सुरू होऊन २००७ मध्ये बंद पडली. चाललेले गणित वेगळे निघाले: पट्टी फुकट, पैसा पुस्तकातून. २०१२ मध्ये एका वेबपट्टीच्या पुनर्मुद्रणासाठी वाचकांनी १२ लाख ५० हजारांहून अधिक डॉलर दिले. २०१३ पासून मासिक वर्गणीच्या सेवा आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांतल्या एकीने शुल्क वर्गणीदारावर टाकायचे ठरवले: २.९ टक्के अधिक ३५ सेंट. म्हणजे १ डॉलर देणाऱ्याला साधारण १.३८ डॉलर पडणार. दहा चित्रकारांना एकेक डॉलर देणाऱ्या वाचकाने सरळ दहाही बंद केले. आठवडाभरात निर्णय मागे घेतला गेला, पण गेलेले सगळे वर्गणीदार परतले नाहीत.

आकाराचा प्रश्न इथेही सुटला नाही. खाली सरकणाऱ्या मालिकांच्या मंचावर ८०० पिक्सेल रुंदीच्या, १,२८० उंचीपर्यंतच्या तुकड्यांत पान चढवावे लागते, तर चौरस मांडणीसाठी १,०८० बाय १,०८० लागते. चारही चौकटी समान रुंदीच्या काढल्या तर तीच पट्टी आडवी, दोन-दोनच्या चौरसात आणि उभी अशी तिन्ही रूपांत बसते. रुंद चौकटीचा दृश्यपरिणाम तेवढा गमवावा लागतो. मूळ फाईल मात्र छपाईच्या मापाने जपावी: शुद्ध काळी रेषा ६०० ते १,२०० डीपीआयला (इंचाला तेवढे ठिपके) राखाडी छटांशिवाय, रंग ३०० ला, कडेबाहेर ३ मिलिमीटर रंग वाढवलेला. वेबसाठीच्या ८०० पिक्सेलमधून छापलेल्या पुस्तकात ती रेघ दातेरी दिसते आणि तेव्हा उपाय उरत नाही.

देवनागरी संवादांच्या फुग्यांना वेगळी काळजी लागते. शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळींमधले अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या अनुस्वारावर बसतो. रेखाटनाच्या काही प्रणालींत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जातो आणि जोडाक्षरे सुटी पडतात. मजकूर टाकल्यावर ‘स्थितीत’ हा एक शब्द तपासला तरी दोष लगेच दिसतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेले संवाद दहा वर्षांनी उघडले तर निरर्थक चिन्हे दिसतात, म्हणून संवादांची साधी युनिकोड प्रत वेगळी ठेवावी. पुनर्मुद्रणाचा हक्क आपला असूनही पुस्तक निघत नाही, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

जानेवारी २०२५ मध्ये त्या बड्या वितरकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या गोदामात छोट्या प्रकाशकांचे अंक विक्रीसाठी ठेव म्हणून पडले होते, त्यांचे पैसे खपल्यावर मिळायचे होते. तो माल कर्ज फेडण्यासाठी विकता येईल का, यावर न्यायालयात वाद उभा राहिला आणि मुद्दा आला तो नोंदीचा: ठेवलेला माल आपला आहे, असा कागद प्रकाशकाने वेळीच सरकारदरबारी दाखल केला होता की नाही. अनेकांनी केला नव्हता.