पायावरील जुनाट व्रण

गुडघ्याखाली किंवा पावलावर झालेली जी जखम नेहमीची मलमपट्टी करूनही साधारणतः सहा आठवड्यांत भरत नाही, तिला जुनाट व्रण म्हणतात. मधुमेहातील बधिरपणा आणि कुष्ठरोग ही त्याची कारणे आहेतच. पण बहुतेक व्रणांच्या मुळाशी रक्ताभिसरणातील दोष असतो. जखमेवर काय लावावे याची चर्चा घरात आणि दवाखान्यातही भरपूर होते, पायात रक्त पोचते का आणि पोचलेले परत फिरते का, ही चौकशी मात्र पुष्कळदा राहूनच जाते.

नीलांमधील (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांमधील) झडपा निकामी झाल्या की उभे राहिल्यावर रक्त पोटरीच्या खाली साचते, घोट्याजवळची कातडी काळपट व कडक होते आणि आतल्या घोट्याच्या वर उथळ, पाझरणारी जखम होते. रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) अरुंद झाल्यास चित्र वेगळे दिसते : बोटांच्या टोकांवर किंवा टाचेवर कोरून काढल्यासारखी कोरडी जखम, थंडगार पाऊल, आणि पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावरच कमी होणारी रात्रीची कळ. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णिलेला रोहिणीदाहही आढळतो. त्यात तंबाखू पूर्णपणे सुटल्याशिवाय कोणत्याही उपचाराला यश येत नाही.

नीलाव्रणाचा मुख्य उपचार म्हणजे घट्ट बांधलेली दाबपट्टी. घोट्याशी सुमारे ४० मिमी पारा इतका आणि गुडघ्याकडे कमी होत जाणारा दाब दिल्यास साचलेले रक्त वर सरकते. हीच पट्टी रोहिणी बंद असलेल्या पायावर बांधली, तर उरलासुरला पुरवठाही तुटून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे पट्टीआधी मोजमाप आवश्यक ठरते. रुग्णाला काही मिनिटे उताणे निजवून घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळतात आणि पावलावर जेल लावून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राची कांडी टेकवतात. पट्टा फुगवल्यावर नाडीचा फुसफुसता आवाज थांबतो; हवा सोडताना तो ज्या आकड्यावर परत येतो, त्याला दोन्ही दंडांपैकी अधिक असलेल्या दाबाने भागतात. उत्तर ०.८ किंवा त्याहून अधिक आल्यास सर्वसाधारणपणे पूर्ण दाब देता येतो, ०.५ च्या खाली दाबपट्टी टाळतात. मधुमेहात रोहिणींत कॅल्शियम साचून आकडा १.३ च्या वर, म्हणजे फसवा, येऊ शकतो. तेव्हा अंगठ्यातील दाब मोजावा लागतो.

रोहिणीव्रणात आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त पोचवतात. तोवर काळे पडलेले कोरडे बोट, जंतुसंसर्ग नसेल तर, कोरडेच राखतात. घाईने खरवडल्यास जखम वर सरकते. नीलाव्रणात दाबपट्टीच्या जोडीला सदोष नीला लेझरने वा उष्णतेने लवकर बंद केल्यास जखम अधिक लवकर भरते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसले. प्रतिजैविके सूज, ताप, पसरणारी लाली अशी संसर्गाची लक्षणे असतील तरच द्यावीत. केवळ स्वॅबमध्ये जंतू सापडले म्हणून ती देणे निरर्थक आहे. वर्षानुवर्षांच्या व्रणात क्वचित कर्करोग उद्भवतो, म्हणून कडा उंच, जाड झाल्यास तुकडा तपासणीस पाठवतात.

नीलाव्रण भरला तरी झडपा सदोषच राहिल्या, तर तो पुन्हा उद्भवतो. त्यासाठी दाबमोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाय सुजण्याआधी चढवावे लागतात. विदर्भातील उन्हाळ्यात ते दिवसभर घालवत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. अशा वेळी मोजे सोडून देण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी दाबाचे वापरणे बरे.