तयार स्पेल आणि स्पेल स्लॉट: हिशेब दोन, गल्लत एक

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, आपापलं पात्र घेऊन खेळायच्या कथा-खेळात पहिल्यांदाच विझर्ड, म्हणजे जादूगार, घेऊन बसलेला खेळाडू लढाई रंगात आली की हमखास ओरडतो, "माझो फायरबॉल संपलो रे!" फायरबॉल हा त्याचा आग फेकणारा स्पेल, म्हणजे मंत्र, संपलेला नसतो. तो त्याच्या तयार स्पेलांच्या यादीत जसाच्या तसा असतो. संपलेला असतो तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे तो टाकायला लागणारी, दिवसाला मोजकीच मिळणारी ताकद. या दोन गोष्टी एकच समजल्या की खेळाडू एक तर घाबरून काहीच टाकत नाही, नाही तर पहिल्याच खोलीत सगळं उधळून बसतो. पावसाळ्यात रत्नागिरीत आमचा गट सर्वांत जास्त खेळतो आणि नवे खेळाडूही तेव्हाच येतात. त्यांना मी फासे हातात देण्याआधी हा फरक समजावतो, कारण विझर्डची सगळी मजा त्यातच आहे.

मिरकरवाड्यातून बोट सुटण्याआधी दोन गोष्टी ठरतात: कोणत्या आसाची (भोकांच्या आकाराची) जाळी बरोबर घ्यायची आणि डिझेल किती भरायचं. तयार स्पेल म्हणजे बोटीवर चढवलेली जाळी, स्लॉट म्हणजे डिझेल. एकदा टाकलं म्हणून जाळं नाहीसं होत नाही, ते ओढून पुन्हा टाकता येतं. डिझेल मात्र दर वेळी जळतं. आणि टाकी कितीही भरलेली असो, घरी राहिलेलं जाळं भर समुद्रात उपयोगाला येत नाही.

आता प्रत्यक्ष आकडे बघू. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला पाचव्या लेव्हलचा विझर्ड घ्या, बुद्धिमत्ता १६, म्हणजे बोनस ३. लेव्हल आणि बोनस यांची बेरीज ८, म्हणून त्याला रोज ८ स्पेल तयार ठेवता येतात. ते निवडायचे त्याच्या स्पेलबुकातून, म्हणजे मंत्रांच्या वहीतून. पहिल्या लेव्हलला ६ आणि पुढे दर लेव्हलला २ या हिशेबाने वहीत निदान १४ स्पेल असतात. स्लॉटचा तक्ता वेगळा: पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे २. (स्पेलची लेव्हल आणि पात्राची लेव्हल यांचाही घोळ होतो. स्पेलच्या लेव्हल ९, पात्राच्या २०. तिसऱ्या लेव्हलचे स्पेल विझर्डला मिळतात पाचव्या लेव्हलवर.)

समजा, डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गासारखा पाण्यातला किल्ला मांडलाय आणि रात्रीतून आत शिरायचंय. आपल्या विझर्डने मॅजिक मिसाइल, शील्ड, फेदर फॉल, डिटेक्ट मॅजिक, मिस्टी स्टेप, इनव्हिजिबिलिटी, फ्लाय आणि फायरबॉल असे आठ तयार केले. किनाऱ्यावरून तो स्वतः फ्लाय टाकून तटावर उतरला, तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट गेला. वर पहारेकरी गोळा झाले म्हणून फायरबॉल टाकला, दुसराही गेला. आता फायरबॉल यादीत आहे, पण तो उचलेल एवढा मोठा स्लॉट उरलेला नाही. खालच्या लेव्हलचे सात शिल्लक आहेत, पण लहान स्लॉटमध्ये मोठा स्पेल बसत नाही आणि दोन-तीन लहान जोडून एक मोठाही होत नाही.

पुढे तो कुलूप लावलेल्या दरवाजापाशी पोचतो. नॉक हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल त्याच्या वहीत आहे, दुसऱ्या लेव्हलचे तिन्ही स्लॉट शाबूत आहेत, तरी दरवाजा उघडत नाही, कारण सकाळी त्याने नॉक तयारच केला नव्हता. मघाशी स्पेल होता, स्लॉट नव्हता. आता स्लॉट आहेत, स्पेल नाही. नव्या खेळाडूला मी हे दोन प्रसंग लागोपाठ सांगतो, त्यानंतर सहसा वेगळं समजावावं लागत नाही.

उलट दिशेने मात्र सूट आहे आणि ती खूप कामाची आहे. लहान स्पेल मोठ्या स्लॉटमधून टाकता येतो. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमधून टाकलेला मॅजिक मिसाइल ३ बाण सोडतो, तोच तिसऱ्याच्या स्लॉटमधून ५. इनव्हिजिबिलिटी दुसऱ्याच्या स्लॉटमधून एकाला गुप्त करते, तिसऱ्याच्या स्लॉटमधून दोघांना. म्हणजे त्या रात्री फायरबॉलऐवजी सोबत्यालाही गुप्त करून निमूट आत सरकता आलं असतं. स्पेलला स्लॉट चिकटवलेला नसल्यामुळेच असा विचार करता येतो.

आता मला सर्वांत आवडणारा भाग: रिच्युअल. काही स्पेलांवर हा शिक्का असतो. ते नेहमीपेक्षा १० मिनिटं जास्त घेऊन टाकले तर स्लॉट खर्च होत नाही. विझर्डच्या बाबतीत तर असा स्पेल तयार केलेलाही लागत नाही, वहीत असला म्हणजे झालं. डिटेक्ट मॅजिक हा असाच स्पेल, म्हणजे वरच्या यादीत त्याने एक जागा उगाच अडवली होती, तिथे नॉक बसला असता. त्याहून मोठी गोष्ट वॉटर ब्रीदिंगची. तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, रिच्युअल, एका वेळी १० जणांना २४ तास पाण्याखाली श्वास. हा वहीत असता तर सगळी टोळी किनाऱ्यावरच्या खडकाआड दहा-बारा मिनिटं थांबून पाण्याखालूनच किल्ल्याच्या पायथ्याशी गेली असती आणि तिसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट लढाईसाठी राहिले असते. पाण्यातल्या किल्ल्यांच्या मोहिमेला निघणाऱ्या विझर्डच्या वहीत हा स्पेल नसेल तर मला खरंच वाईट वाटतं.

भरपाईचेही दोन हिशेब. आठ तासांच्या लाँग रेस्टनंतर सगळे स्लॉट परत येतात आणि यादीही बदलता येते. पण तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये विझर्ड आर्केन रिकव्हरी वापरतो तेव्हा फक्त स्लॉट परत येतात, तेही दिवसातून एकदाच आणि त्यांच्या लेव्हलची बेरीज पात्राच्या लेव्हलच्या निम्मी भरेल एवढेच. पाचव्या लेव्हलला अपूर्णांक वर घेऊन ३, म्हणजे तिसऱ्याचा एक स्लॉट, किंवा दुसऱ्याचा एक आणि पहिल्याचा एक. फायरबॉल पुन्हा टाकता येईल, नॉक मात्र उद्यापर्यंत नाही.

जादू करणारी इतर पात्रंही आहेत. सॉर्सररचा स्लॉटचा तक्ता हुबेहूब विझर्डचाच, पण त्याला स्पेल मोजकेच येतात आणि त्यातला एक बदलायचा तर लेव्हल वाढेपर्यंत थांबावं लागतं. वॉरलॉकचे स्लॉट थोडे, पण शॉर्ट रेस्टमध्येच परत भरतात. कॅन्ट्रिपला, म्हणजे हवा तितक्या वेळा टाकता येणाऱ्या साध्या स्पेलला, स्लॉट लागतच नाही. २०२४ च्या नियमांत तयार स्पेलांचा आकडा बेरजेने न काढता थेट तक्त्यात दिलाय, पाचव्या लेव्हलच्या विझर्डला ९. स्लॉट तेवढेच.

ही गल्लत नुसती निष्काळजीपणाची नाही, तिला इतिहास आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ आणला तेव्हा जादूची कल्पना जॅक व्हान्स यांच्या कथांवरून घेतली होती: जादूगार मंत्र पाठ करतो आणि म्हटल्याबरोबर तो त्याच्या डोक्यातून पुसला जातो. पुढच्या कित्येक आवृत्त्यांत विझर्डसाठी तयार स्पेल आणि स्लॉट जवळपास एकच होते, दोन फायरबॉल हवे तर दोन जागा अडवायच्या. त्या पद्धतीत सकाळच्या निवडीला फार वजन होतं आणि ते वजन गेल्याची हळहळ मला समजते. तरीही पाचव्या आवृत्तीने दोन्ही सुटे केले हे चांगलंच झालं. पूर्वी एखादा चमत्कारिक, क्वचित लागणारा स्पेल घ्यायला कुणी धजावत नसे. आता पडणाऱ्याला अलगद उतरवणारा फेदर फॉल यादीत ठेवला आणि दिवसभर कुणी तटावरून पडलंच नाही, तरी एकही स्लॉट वाया जात नाही.

आमच्याकडे यादी कागदावर पेन्सिलने लिहितात आणि स्लॉट हातात देतात: पहिल्या लेव्हलला चिंचोके, दुसऱ्याला शिंपले, तिसऱ्याला सागरगोटे. स्पेल टाकला की तेवढ्या मोलाची वस्तू डीएमच्या वाटीत जाते, कागदावर काहीच खोडायचं नाही. हे दोन वेगळे व्यवहार आहेत हे हातालाच कळतं.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या टेबलावर बसलात तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तिथला विझर्ड मूळ नियमाने अजूनही प्रत्येक स्लॉटमध्ये एकेक स्पेल भरूनच निघतो. दोन फायरबॉल लागतील असं वाटत असेल तर सकाळीच दोनदा लिहा.