नाशिकचे हवामान आणि वारे

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम 110 किलोमीटरवर, पण मध्ये सह्याद्री. त्यामुळे वारा कुठून सुटला आहे, यावर इथला ऋतू बव्हंशी ठरतो.

पावसाळ्यात सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळलेला नैर्ऋत्येचा झोत समुद्रावरचे बाष्प घेऊन घाटाला भिडतो. वर चढताना हवा थंड होते आणि पाऊस तिथेच सांडतो. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस. तिथून तासाभराच्या अंतरावरच्या नाशिक शहरात 700च्या आसपास, येवल्याकडे आणखी कमी. पलीकडे उतरणारी हवा तापते, ढग विरतात. म्हणूनच शहरात नुसती भुरभुर असताना त्र्यंबकच्या डोंगरातल्या पावसाने गोदावरी फुगते आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आले, याची चर्चा सुरू होते.

किनाऱ्यावरच्या चक्रीवादळांचे गणित वेगळे. समुद्राचे पाणी साधारण 26.5 अंश सेल्सियसच्या वर तापले, की कमी दाबाकडे धावणारे वारे पृथ्वीच्या परिवलनाने वळून घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागतात. वेग ताशी 62 किलोमीटर झाला, की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते. ऐन पावसाळ्यात मात्र खाली पश्चिमेचे आणि उंचावर पूर्वेचे जोरदार वारे असल्याने वादळाचा उभा खांब टिकत नाही; अरबी समुद्रातली बहुतेक वादळे मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, ती यामुळेच. किनाऱ्यावर वाऱ्याने रेटलेले पाणी भरतीच्या वेळी आले, तर नासधूस सर्वाधिक.

जमिनीवर येताच बाष्पाचा पुरवठा तुटतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाने रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. उत्तर महाराष्ट्रात येईतो त्याचा जोर बराच ओसरला होता. नाशिकला खरा धसका नोव्हेंबरातल्या वादळांचा. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान कोकण किनाऱ्यावर आले, तो काळ ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागा पोंगा (कोंब फुटण्याची अवस्था) ते फुलोऱ्यात असण्याचा. अशा वेळी वाऱ्याने फांदी मोडली नाही, तरी ढगाळ हवा आणि ओल्या पानांवर डाऊनी हा रोग पसरतो, घड कुजतात.

हिवाळ्यात उत्तरेचे कोरडे वारे थंडी आणतात. निफाडकडे वारा पूर्ण पडलेल्या निरभ्र रात्री पारा सर्वाधिक घसरतो. मग बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणी सोडतात.