बुचातला ‘डुबुक’

पहिला पॉपर, म्हणजे मासे पकडायचं तरंगणारं खोटं आमिष, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवला. बाटलीचं बूच, एक गळ, कोंबड्याच्या मानेवरची चार पिसं आणि बायकोचं लाल नेलपॉलिश. नुसते डोळे रंगवायलाच अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या आमच्या घरामागच्या तळ्यात टाकला, तर गडी एका कुशीवर आडवा. दोरी ओढली की मुकाट्याने घसरत यायचा. ना आवाज, ना मासा.

कोकणात ज्याला गरवणं म्हणतात, त्याचीच फ्लाय फिशिंग ही एक तऱ्हा. एरवी गळाला शिसं बांधतात आणि त्या वजनाच्या जोरावर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, लांब जातो. इथे उलटं. आमिष म्हणजे पिसांची, केसांची बांधलेली खोटी माशी, तिला वजनच नसतं. म्हणून वजन दोरीतच असतं. ८ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतात. चाबकासारखी ती दोरी फेकायची, माशी तिच्यामागून जाते. पॉपर हा या माशीचाच जाडा, तरंगणारा भाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुचाच्या अंगाचे असे पॉपर प्रचारात आणण्याचं श्रेय टेनेसीतल्याच चॅटानुगा गावच्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांना दिलं जातं. म्हणजे राज्य मी बरोबर निवडलं होतं, चुकलं होतं ते बुचात.

पॉपर कशासारखा दिसतो? खरं सांगायचं तर कशासारखाच नाही. बेडूक म्हणा, नाकतोडा म्हणा, माशाचं जखमी पिल्लू म्हणा. माझ्या मते ते आमिष कमी आणि वाद्य जास्त आहे. वाद्य म्हटलं की रंगापेक्षा तोंड महत्त्वाचं, आणि पॉपरचं तोंड म्हणजे पुढच्या बाजूला कोरलेली उथळ वाटी. माझ्या बुचाचं तोंड सपाट होतं.

दोरीला झटका बसला की ही वाटी पाणी पुढे ढकलते, थोडी बुडते आणि जाताना सोबत हवा घेऊन जाते. वरून पाणी मिटतं आणि हवा बुडबुडा होऊन आत अडकते. हा बुडबुडा गप्प बसत नाही. भोवतालचं पाणी त्याला दाबतं, आतली हवा स्प्रिंगसारखी उलट ढकलते आणि तो लहान-मोठा होत थरथरतो. ती थरथर म्हणजेच ‘डुबुक’. गळक्या नळाचं ‘टुप’सुद्धा याच घराण्यातलं: थेंब पाण्यावर आपटण्याचा तो आवाज नसून थेंबाखाली अडकलेल्या इवल्या बुडबुड्याचा असतो.

बुडबुड्याचा सूर किती, याचं गणित मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली मांडलं. उथळ पाण्यात ते फार सोपं आहे: त्रिज्या दुप्पट केली की कंपनसंख्या निम्मी. ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे १,१०० वेळा कंप पावतो, १ सेंटिमीटरचा सुमारे ३३० वेळा. म्हणून बारीक तोंडाचा पॉपर ‘टिक’ करतो आणि रुंद, खोल वाटीचा खर्जात बोलतो. इथल्या तळ्यातल्या लार्जमाउथ बास माशाचे कान खालच्या सुरांनाच जास्त लागतात, तेव्हा खर्ज बरा. रोहू, कटला, महसीर यांची गोष्ट वेगळी. कार्प कुळातल्या या माशांत हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी हाडकांची साखळी असते, त्यामुळे त्यांना बरेच वरचे सूरही ऐकू येतात.

पण मासा नुसता कानाने ऐकत नाही. त्याच्या अंगावरून एक रेघ जाते, तिच्यात आणि डोक्यावर बारीक संवेदी केस असतात. पाणी हललं की ते वाकतात. याचा सर्वात सुंदर अभ्यास झाला तो आपल्याकडच्या एका माशावर. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत पृष्ठभागालगत फिरणारा, डोक्यावर चमकता ठिपका मिरवणारा अप्लोकायलस लिनिएटस हा तो मासा. पाण्यावर पडलेला किडा धडपडला की त्याच्या तरंगांवरून याला दिशा कळतेच, अंतरही कळतं. बारीक तरंगांमध्ये जे जास्त वेगाने कंप पावतात ते पुढे पळतात पण लवकर विरतात. सावकाश हलणारे मागून येतात. त्या फरकावरून मासा किडा किती लांब आहे ते जोखतो. पॉपरला एक झटका देऊन वर्तुळं विरेपर्यंत हात आवरायचा असतो, त्याचं कारण माझ्या समजुतीने हेच. तळ्यावर बातमी पसरायला वेळ द्यायचा.

आता त्या लाल डोळ्यांचं काय झालं? खालून वर पाहणाऱ्या माशाला आभाळ एका गोल खिडकीतून दिसतं. माशाच्या डोळ्यापासून त्या खिडकीपर्यंत जो शंकू होतो, त्याचा कोन सुमारे ९७ अंश. मासा १ मीटर खोल असला तर खिडकी सव्वादोन मीटर रुंद. खिडकीबाहेर पाण्याची पाठ आरशासारखी, तिच्यात तळच उलटा दिसतो. पॉपर खिडकीबाहेर असला तर त्याचं फक्त बुडालेलं पोट आणि लोंबती पिसं दिसतात. खिडकीत आला तर आभाळासमोर काळी सावली. पाठीवरचे डोळे कुणासाठी होते? माझ्यासाठी.

दुसऱ्या खेपेला रंगाची बाटली बाजूला ठेवली. बूच १० मिलिमीटर जाड, १५ मिलिमीटर लांब कापून पॉलिशपेपरने घासलं. मागच्या वेळी गळ सरळ दांडीचा होता आणि बुचाच्या मधोमध घुसवला होता, म्हणून बूच त्याच्यावर फिरलं आणि कुशीवर गेलं. या वेळी दांडीला मध्येच कुबड असलेला गळ घेतला, त्यावर दोरा गच्च गुंडाळला, बुचाच्या पोटात ब्लेडने चीर पाडली आणि गोंद लावून गळ तिच्यात बसवला. चीर शक्य तितकी उथळ ठेवायची. गळाच्या टोकासमोरची जागा बुचाने भरून गेली तर मासा तोंडात घेतो आणि सहज थुंकून टाकतो.

एवढ्या बुचाचं आकारमान सुमारे १.२ घन सेंटिमीटर. बूच पाण्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंच जड, म्हणजे पाव ग्रॅम. गळ, दोरा, पिसं मिळून अर्धा ग्रॅम धरा. मग पॉपर साठ टक्क्यांच्या आसपास पाण्यात बसतो, आणि गळाचा वाकलेला भाग मागे असल्याने शेपटी खाली, तोंड वर. बोलायला अगदी योग्य बैठक! चपलेच्या तळव्याचा फोम याहून हलका मिळाला, तर तो जरा उंच तरंगतो. शेवटी ड्रिलच्या गोल टोकाने तोंडाला वाटी पाडली.

या वाटीची किंमत हवेत मोजावी लागते. फेकताना तीच बोथट बाजू पुढे असते आणि वारा अडवते. पहिल्याच फेकीत दोरी कोलमडली, पॉपर माझ्या टोपीला येऊन लागला. तिसऱ्या फेकीला तो लव्हाळ्याच्या कडेला पडला. वर्तुळं विरू दिली. झटका दिला.

डुबुक.

मासा लगेच नाही आला. चौथ्या डुबुकला पाणी फुटलं आणि हाताच्या पंजाएवढा ब्ल्यूगिल नावाचा छोटा मासा वर आला. बाससाठी केलेला सगळा खटाटोप त्या पिटुकल्याने पळवला.

भर दुपारी, पाणी काचेसारखं स्थिर असताना मात्र हा आवाज मासे बुजवतो. त्यासाठी तेच बूच उलटं बसवतात, निमुळतं टोक पुढे. मग ते पाणी कापत बिनआवाज सरकतं. त्याला स्लायडर म्हणतात. माझ्या डबीत आता दोन्ही आहेत, आणि डोळे कुणालाच नाहीत.