पेटवुड हॉटेल: धरणफोड्यांचं घर, पण धरणं फुटली त्या रात्रीचं नव्हे

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात वुडहॉल स्पा नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या पेटवुड हॉटेलबद्दल कोणीही सांगायला लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: हे 'डॅमबस्टर्स'चं हॉटेल. म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या ज्या ६१७ व्या स्क्वाड्रनने १६ मे १९४३ च्या रात्री जर्मनीच्या रूर खोऱ्यावरची धरणं फोडली, तिच्या अधिकाऱ्यांचं हे घर. यात खोटं काही नाही, पण अर्धंच आहे. त्या रात्री विमानं उडाली ती लिंकन शहराच्या उत्तरेकडच्या स्कॅम्पटन तळावरून. स्क्वाड्रन या गावात आली तेव्हा ती मोहीम होऊन आठ महिने उलटले होते, तिचं नेतृत्व करणारा गाय गिब्सन केव्हाच स्क्वाड्रन सोडून गेला होता, आणि त्या मोहिमेवर गेलेल्यांपैकी बरेच जण जिवंत नव्हते. मग या लाकडी वाड्यात नेमकं घडलं काय? माझ्या मते ते धरणांच्या गोष्टीइतकंच, कदाचित जास्तच, ऐकण्यासारखं आहे.

आधी गावाबद्दल. १८११ मध्ये इथे एका माणसाने कोळशाच्या आशेने खोल विहीर खणायला घेतली. कोळसा लागला नाही, पैसा बुडाला, विहिरीत पाणी भरलं. त्या पाण्यात आयोडीन आणि ब्रोमीन निघालं, संधिवाताला गुण येतो अशी कीर्ती पसरली, आणि फसलेल्या खाणीवर एक आरोग्यधाम उभं राहिलं. व्हिक्टोरियन काळात पैसेवाले लोक रेल्वेने इथे 'पाणी घ्यायला' येऊ लागले.

अशा पैसेवाल्यांपैकीच एक होती ग्रेस मेपल. तिचे वडील सर जॉन ब्लंडेल मेपल हे लंडनमधल्या फर्निचरच्या अवाढव्य पेढीचे मालक. त्यांच्यामागे बरीचशी दौलत या एकुलत्या उरलेल्या मुलीकडे आली. तिने १९०५ मध्ये आपल्या आवडत्या रानात घर बांधलं. लाडकं रान, म्हणून 'पेट वुड'. बाहेरून जुन्या ट्यूडर धाटणीची काळी-पांढरी लाकडी चौकट, आत ओक लाकडाचं भरगच्च कोरीवकाम. फर्निचरवाल्याच्या लेकीच्या घरातला जिना कसा असणार, हे वेगळं सांगायला नको. सभोवारची बाग पुढे हॅरल्ड पेटो या नामांकित उद्यानरचनाकाराने आखली.

ग्रेसचा पहिला नवरा होता बॅरन हेर्मान फॉन एकार्डश्टाइन, लंडनच्या जर्मन वकिलातीतला बडा मुत्सद्दी. इंग्लंड आणि जर्मनीचं सख्य व्हावं म्हणून १९०० च्या आसपास तो जिवापाड धडपडत होता. सख्य झालं नाही, लग्नही टिकलं नाही. घर बांधलं तेव्हा मात्र मालकीणबाई जर्मन बॅरनेसच होत्या. चाळीस वर्षांनी त्याच दिवाणखान्यातून उठून लोक जर्मनीवर बाँब टाकायला जायचे. अशी योजना एखाद्या कादंबरीकाराने केली असती तर आपण तिला ओढूनताणून म्हटलं असतं.

१९१० मध्ये ग्रेसने आर्चिबाल्ड वायगॉल या कॅप्टनशी दुसरं लग्न केलं. हा पुढे खासदार झाला आणि १९२० ते १९२२ दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नरही. पहिल्या महायुद्धात घरात जखमी सैनिकांची शुश्रूषा झाली. १९३३ मध्ये घराचं हॉटेल झालं.

आता लिंकनशायर. नकाशा पाहिला तर या परगण्यातच इतके विमानतळ का, ते लगेच कळतं. जमीन सपाट, उत्तर समुद्र शेजारी, पलीकडे हॉलंड आणि जर्मनी. हवाई दलाच्या बाँबर कमांड या बाँबफेकी शाखेने इथे इतके तळ उभारले की लोक या भागाला 'बाँबर कौंटी' म्हणू लागले. वुडहॉल स्पाचा तळ फेब्रुवारी १९४२ मध्ये सुरू झाला, शेजारच्या कॉनिंग्जबी तळाचा जोडतळ म्हणून. पहिल्याच वसंतात तिथून एक विलक्षण मोहीम निघाली. १७ एप्रिल १९४२ ला ९७ व्या स्क्वाड्रनची सहा लँकेस्टर बाँबफेकी विमानं आणि वॉडिंग्टनहून ४४ व्या स्क्वाड्रनची सहा, अशी बारा विमानं भर दिवसा, झाडांच्या शेंड्यांना लागतील इतक्या खालून, दक्षिण जर्मनीतल्या आउग्सबुर्गला गेली. तिथे पाणबुड्यांची डिझेल इंजिनं बनत. बारापैकी सात विमानं परतली नाहीत.

युद्ध गावातही आलं. ऑगस्ट १९४३ मध्ये जर्मन विमानाने टाकलेल्या पॅराशूट सुरुंगाने गावातलं रॉयल हायड्रो हॉटेल जमीनदोस्त झालं. पेटवुडला धक्का लागला नाही. हवाई दलाने ते ताब्यात घेतलं होतं, आणि जानेवारी १९४४ मध्ये ६१७ वी स्क्वाड्रन कॉनिंग्जबीहून इथे हलली तेव्हा पेटवुड तिची ऑफिसर्स मेस झाली.

त्या वेळी स्क्वाड्रनची अवस्था बिकट होती. धरणांच्या रात्री १९ विमानांतून १३३ जण गेले होते; आठ विमानं पडली, ५३ जण मेले, तिघे कैद झाले. (खाली पुरात दीड हजाराच्या आसपास माणसं बुडाली. त्यांत मोठा भाग पूर्व युरोपातून पकडून आणलेल्या सक्तीच्या मजुरांचा होता. विजयकथेत हा आकडा सहसा तळटीपेतच सापडतो.) सप्टेंबर १९४३ मध्ये डॉर्टमुंड-एम्स कालव्यावर गेलेल्या आठ विमानांपैकी पाच गेली, त्यात गिब्सननंतरचा प्रमुखही गेला. 'आत्मघातकी स्क्वाड्रन' असं नाव पडलं. नोव्हेंबरमध्ये तिची सूत्रं लेनर्ड चेशायरने घेतली. वय २६. तो आधीच ग्रुप कॅप्टन होता. पुन्हा विमान उडवायला मिळावं म्हणून त्याने आपणहून एक पद खाली उतरून विंग कमांडर होणं पत्करलं.

मेस म्हणजे नुसती जेवायची जागा नव्हे. अधिकारी तिथेच राहत, झोपत, पत्रं लिहीत, बिअर पीत. कोरीव जिना, बाग, चादरी घातलेल्या खाटा. पण लँकेस्टरमध्ये सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनियर, नॅव्हिगेटर, बाँब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर. हे सात जण एकाच पत्र्याच्या नळकांड्यात आठ-आठ तास एकमेकांच्या भरवशावर असायचे. खाली उतरले की त्यांतले कमिशनवाले, म्हणजे अधिकारी, पेटवुडला जायचे आणि सार्जंट लोक निसन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या खोपटात. मरताना पंगत एक, जेवताना दोन. हॉटेलच्या कौतुकात हे बहुधा गळतं, कारण निसन हटचं हॉटेल होत नाही.

चेशायरने इथून जे काम केलं त्याचं सूत्र एकच होतं: जिथे टाकायचा तिथेच बाँब पडला पाहिजे. बाँबर कमांड तेव्हा शहरंच्या शहरं भाजत होती, त्यामुळे ही जवळजवळ बंडखोरी होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या लिमोझ इथल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यावर हल्ला ठरला. रात्रपाळीला फ्रेंच कामगार, त्यांत पुष्कळ बायका. चेशायर आधी छपराला घासून जाईल इतक्या खालून पुन्हा पुन्हा घिरट्या घालत राहिला, कामगारांनी पळून जावं म्हणून. ते पळाले, मग त्याने खुणेचे दिवे टाकले आणि मागच्या विमानांनी कारखाना उडवला.

पण मला सर्वांत नवल वाटतं ते ५ जूनच्या रात्रीचं. नॉर्मंडीत फौजा उतरायच्या होत्या, आणि जर्मनांना वाटायला हवं होतं की आरमार दुसरीकडेच, ले हाव्रच्या उत्तरेला येतंय. तर ६१७ च्या सोळा लँकेस्टरनी इंग्लिश खाडीवर लांबट चक्रं मारायला सुरुवात केली. ठरावीक सेकंदांनी धातूच्या चकचकीत कागदी पट्ट्यांचा एक गठ्ठा बाहेर, ठरावीक वेळ सरळ, मग वळण, मग मागे, आणि दर फेरी आधीच्या फेरीपेक्षा किंचित पुढे सरकलेली. रडारच्या पडद्यावर या पट्ट्यांचा ढग ताशी सातेक सागरी मैलांनी किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजांच्या ताफ्यासारखा दिसायचा. एकाच माणसाच्याने इतका वेळ इतकं अचूक होणार नाही, म्हणून प्रत्येक विमानात जादा माणसं घेतली होती आणि अर्ध्या वाटेत हात बदलले गेले. एका वळणात चूक झाली तर रडारवर आख्खा ताफा उडी मारताना दिसला असता. सगळ्यांत मोठ्या आक्रमणाच्या रात्री या नामांकित बाँबवाल्यांनी एकही बाँब टाकला नाही; कागद टाकले.

तीन रात्रींनी काम पुन्हा नेहमीचं झालं. बार्न्स वॉलिस, ज्याने धरणांसाठी पाण्यावर टप्पे घेत जाणारा बाँब बनवला होता, त्याचाच नवा 'टॉलबॉय' फ्रान्समधल्या सोम्युरच्या रेल्वे बोगद्यावर पहिल्यांदा वापरला गेला. साडेपाच टनांच्या आसपास वजन. एक बाँब थेट डोंगर फोडून बोगद्यात शिरला. याच बाँबने १२ नोव्हेंबर १९४४ ला नॉर्वेत टिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका उलटी केली, तेव्हा प्रमुख होता विली टेट. विमानं त्यासाठी आधी स्कॉटलंडला नेली होती, पण स्क्वाड्रनचं घर पेटवुडच. मार्च १९४५ मध्ये दहा टनी 'ग्रँड स्लॅम' बीलेफेल्डच्या रेल्वे पुलाजवळ पडला आणि पूल कोसळला.

मग धरणांशी पेटवुडचा संबंध काहीच नाही का? आहे. जो मॅकार्थी हा अमेरिकन, डेव्ह शॅनन हा ऑस्ट्रेलियन आणि लेस मन्रो हा न्यूझीलंडर, तिघेही धरणांच्या रात्री उडालेले, चेशायरच्या हाताखाली इथे तुकड्यांचे प्रमुख होते. जुलै १९४४ मध्ये चेशायरची शंभरावी मोहीम झाली तेव्हा त्याच्याबरोबर या तिघांनाही वरिष्ठांनी सक्तीने थांबवलं.

आणि गिब्सन? त्यालाही वुडहॉल स्पा चुकलं नाही. तो तोवर कॉनिंग्जबीला टेबलाचं काम करत होता, आणि त्याला ते सहन होत नव्हतं. १९ सप्टेंबर १९४४ च्या संध्याकाळी तो मोटारीने वुडहॉल स्पाच्या तळावर आला, ६२७ व्या स्क्वाड्रनचं मॉस्किटो विमान घेऊन नॅव्हिगेटर जिम वॉरिकसह उडाला. येताना विमान हॉलंडमध्ये स्टेनबर्गन गावाजवळ कोसळलं. दोघेही गेले. गिब्सन २६ वर्षांचा होता. त्याच्या नावावर मिरवणाऱ्या गावाशी त्याचं खरं नातं हे शेवटच्या उड्डाणाचं.

चेशायरची वाट मात्र आपल्याकडे येते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या माणसाने ९ ऑगस्ट १९४५ ला ब्रिटनचा निरीक्षक म्हणून विमानातून नागासाकी पाहिलं. युद्धानंतर त्याने एका मरणासन्न ओळखीच्याला घरी आणून त्याची शुश्रूषा केली, आणि त्यातून अपंग व दुर्धर आजाऱ्यांसाठीची चेशायर होम्स उभी राहिली. भारतातलं पहिलं घर १९५५-५६ च्या सुमारास मुंबईत अंधेरीला सुरू झालं. ५ एप्रिल १९५९ ला त्याने स्यू रायडरशी लग्न केलं तेही मुंबईतच. युद्धात पोलिश हस्तकांसोबत काम केलेली आणि नंतर निर्वासितांसाठी झिजलेली ही बाई. अंधेरीच्या त्या घरावरून जाणाऱ्या किती जणांना पेटवुड हे नाव ठाऊक असेल!

युद्ध संपलं, ६१७ वी स्क्वाड्रन जून १९४५ मध्ये हलली. १९४६ च्या सुरुवातीला काही महिने ती बंगालमधल्या दिग्री तळावरही होती. पेटवुड पुन्हा हॉटेल झालं. आतल्या एका बारला 'स्क्वाड्रन बार' म्हणतात; भिंतीवर फोटो, चिन्हं, विमानांचे तुकडे. रॉयल हायड्रो जिथे कोसळलं त्या चौकात १९८७ मध्ये फुटलेल्या धरणाच्या आकाराचं स्मारक उभारलं, त्यावर स्क्वाड्रनच्या मृतांची नावं आहेत. तळावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं क्षेपणास्त्रं होती. नंतर धावपट्ट्यांखालची खडी-वाळू उपसली गेली, खड्ड्यांत पाणी साठलं, आता तिथे पक्ष्यांसाठी राखलेलं रान आहे.

पेटवुडच्या रानात १९२२ पासून एक छोटं थिएटर चालू आहे, 'किनेमा इन द वुड्स'. मूळची ही क्रिकेटची पॅव्हिलियन. छताच्या तुळया आडव्या येतात म्हणून पडद्याच्या मागून, आरशाच्या मदतीने चित्र टाकतात. सुट्टीच्या संध्याकाळी वैमानिक तिथे गर्दी करायचे. अधिकारी आणि सार्जंट, दोघांनाही तिकीट काढावं लागायचं.