छातीच्या जन्मजात दोषामुळे हृदय सरकलेल्या मुलांसाठी मोफत तपासणी व शस्त्रक्रिया : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

बाळाच्या हृदयाचे ठोके डावीऐवजी उजवीकडे ऐकू आले, की घरात घबराट होते आणि बरगड्यांकडे किंवा छातीच्या स्नायूंकडे कोणाचेच लक्ष जात नाही. प्रत्यक्षात काही वेळा मूळ कारण तिथेच असते. पोलंड सिंड्रोममध्ये एका बाजूचा छातीचा मोठा स्नायू जन्मतःच अपुरा असतो आणि काही मुलांत त्याच हाताची बोटे आखूड किंवा जुळलेली असतात. हा दोष डावीकडे असून बरगड्यांचे भागही तयार झालेले नसतील, तर हृदय उजवीकडे सरकलेले आढळू शकते. खोलगट छातीत आत दबलेले उरोस्थीचे (छातीच्या मधोमध असलेले) हाड हृदयाला डावीकडे ढकलते आणि उजव्या कप्प्यांवर दाब आणते. उरोस्थी दुभंगलेली असणे आणि हृदय छातीबाहेर असणे ही सर्वांत गंभीर अवस्था असून तिथे जन्मापासूनच तातडीचे उपचार लागतात.

अर्जाच्या दृष्टीने एक भेद फार महत्त्वाचा आहे. छातीच्या दोषामुळे बाजूला सरकलेले हृदय आणि गर्भावस्थेतच उजवीकडे टोक करून घडलेले हृदय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात हृदयाची आतली रचना बहुधा नीट असते. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः पोटातील अवयव आपापल्या जागी असताना, हृदयात इतर दोष असण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि पोटाची सोनोग्राफी या दोन्हींचे अहवाल घ्यावेत आणि हृदय कोणत्या कारणाने सरकले आहे, हे त्यांत स्पष्ट लिहून देण्याची डॉक्टरांना विनंती करावी. एक्स-रेच्या फिल्मवर उजव्या-डाव्या बाजूची खूण आहे ना, हेही पाहून घ्यावे, कारण फिल्म उलटी धरली गेली तर निदानच चुकते.

महाराष्ट्रात पहिली पायरी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते; अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांत एकदा पथक येते. कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयविकाराचे नाव आहे, मात्र छातीच्या भिंतीच्या दोषाचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे पथकाच्या संदर्भ चिठ्ठीवर केवळ ‘छातीला खळगा’ असे न लिहिता ‘हृदयाची जागा असामान्य, हृदयतपासणी आवश्यक’ अशी नोंदही व्हावी, असा आग्रह पालकांनी धरावा. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडून पुढील तपासणीची दिशा मिळते.

शस्त्रक्रियेची गरज निश्चित झाल्यावर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार करावा. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने या योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही ती खुली झाली. अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयात मदतीसाठी नेमलेल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका, आधारकार्ड, संदर्भ चिठ्ठी आणि सर्व तपासणी अहवाल द्यावेत. बाळाचे नाव शिधापत्रिकेत अद्याप चढले नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांचे ओळखपत्र सोबत ठेवावे. नोंदणीनंतर रुग्णालयच ऑनलाइन पूर्वमान्यता मागते, त्यामुळे पालकांनी कोणत्याही कार्यालयात खेटे घालण्याची गरज नसते. अडचण आल्यास १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकांवर विचारणा करता येते.

खरी अडचण खोलगट छातीच्या मुलांची असते, कारण ही शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी आहे असा समज अजूनही आहे आणि त्या समजापायी खरोखर धाप लागणारी मुले मागे राहतात. त्यासाठी सीटी स्कॅनवर छातीची आतली रुंदी आणि उरोस्थी ते मणका हे कमीत कमी अंतर यांचे गुणोत्तर काढलेले असावे. सर्वसाधारण छातीत ते सुमारे २.५ असते आणि ३.२५ पेक्षा अधिक असल्यास दोष तीव्र मानला जातो. या आकड्याबरोबर हृदयावरील दाब दाखवणारा इको आणि श्वसनक्षमतेचा अहवाल जोडल्यास वैद्यकीय कारण कागदावर सिद्ध होते. कोणती शस्त्रक्रिया योजनेतील कोणत्या उपचारात बसते, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयाकडून लेखी घ्यावे.

ती योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांपर्यंत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेले), शिधापत्रिका, आजाराचे अहवाल आणि लहान बाळासाठी आईचे आधारकार्ड त्यास लागते.

मंजुरीनंतरही फाइल जपून ठेवावी. खोलगट छातीच्या शस्त्रक्रियेत हाड वर उचलून धरण्यासाठी बसवलेली धातूची पट्टी साधारणपणे दोन ते चार वर्षांनी काढावी लागते आणि त्या वेळी पहिल्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, पूर्वीचे एक्स-रे आणि इको पुन्हा मागितले जातात.