इम्प्लांटचा ताठपणा आणि जबड्याचे हाड

नैसर्गिक दाढ जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेली नसते. तिच्या मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि सुपारीचे खांड चावताना ती या पडद्यावर किंचित दबते. पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाला, म्हणजे स्क्रूसारख्या इम्प्लांटला, ही सोय नाही. स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे सुटी करता येईनात, कारण हाड धातूला घट्ट धरून वाढले होते. त्याच गुणाच्या भरवशावर त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. चावण्याचा भार मधल्या गादीविना थेट हाडावर येतो, तोही याच घट्ट पकडीमुळे.

आता प्रश्न पदार्थाचा. इम्प्लांट ‘हाडाइतकेच लवचीक’ असावे, अशी शिफारस केली जाते. पदार्थ किती ताठ आहे, हे गिगापास्कलमध्ये मोजतात. टायटॅनियमचा ताठपणा १०० ते ११०, झिर्कोनिया या सिरॅमिकचा २००च्या वर, तर जबड्याच्या बाहेरच्या टणक हाडाचा १० ते २० असतो. आतले जाळीदार हाड त्याहून कितीतरी मऊ. म्हणजे हाडाच्या मानाने धातू फारच ताठ ठरतो. मग ३ ते ४ गिगापास्कलचे ‘पीक’ नावाचे बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक) वापरले, तर हाडाला आराम मिळेल, असे कोणालाही वाटेल. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात या विचाराला आधार आहे, कारण तिथे ताठ दांडा भार स्वतःच पेलतो आणि काम न उरलेले हाड झिजू लागते.

जबड्यात मात्र गणित फिरते. ओल्या जमिनीत एक पहार आणि एक ओली फोक सारख्याच खोलीवर रोवून दोन्ही वरून बाजूला रेटून पाहावीत. पहार जवळजवळ सरळ राहून जोर खालपर्यंत पोहोचवते. फोक मात्र जमिनीलगतच वाकते आणि भोकाची कड चेपते. संगणकावर हाड आणि इम्प्लांट यांचे हजारो तुकड्यांत विभाजन करून काढलेल्या हिशेबांतही हेच चित्र वारंवार दिसते : लवचीक पीक इम्प्लांटच्या मानेपाशी, पहिल्या एक-दोन आट्यांलगतच्या हाडात, टायटॅनियमपेक्षा अधिक ताण साठतो. प्रत्यक्षातही हाडाची झीज बहुधा या कडेपासूनच सुरू होते. त्यामुळे ‘हाडाइतकेच लवचीक’ ही शिफारस ऐकायला गोड असली, तरी मला ती अपुरी वाटते.

टायटॅनियमऐवजी दुप्पट ताठ झिर्कोनिया घेतल्याने हाडावरचा ताण त्या प्रमाणात बदलत नाही, कारण दोन्ही पदार्थ हाडापुढे आधीच पुरेसे ताठ आहेत. व्यासाचा परिणाम मोठा असतो. भरीव गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, ३.३ मिलिमीटरऐवजी ४.१ मिलिमीटरचा दांडा घेतला की तो जवळजवळ २.४ पट होतो, शिवाय भार झेलणारा हाडाचा पृष्ठभागही वाढतो. अर्थात, तेवढा जाड स्क्रू सामावून घेण्याइतकी जबड्याच्या हाडाची रुंदी शिल्लक असावी लागते.